साबाच्या पोटातले टायर

तिसरा टायर वर येता येता भांडणाला तोंड फुटलं.

टायर ट्रकचा होता. आत काळा चिखल गच्च बसलेला, वरनं शेवाळ, आन् वास असा की नासकी अंडी परवडली. एका अंगानं मी धरलेला, दुसऱ्या अंगानं गनीभाई. दोघंबी गुडघाभर पाण्यात. काठावर दत्तप्रसाद साहेब गळ्यात शिट्टी अडकवून उभे. त्यांनी शिट्टी फुंकायची आन् आम्ही ओढायचं, असं ठरलेलं. पण साहेबांनी शिट्टीच्या आधी मोबाईल काढला, फोटो घेतला आन् फोटोखाली काय लिहायचं ते मोठ्यानं म्हणून बघितलं, की आमच्या नदीच्या पोटातून आज तिसरा टायर निघाला.

काठाला पाण्यात पाय सोडून ताहेराचाची बसली होती. गनीभाईची आई. ती पाय हलवायची थांबली.

"कसली नदी? पऱ्या हाय हा," ती म्हणली.

साहेब पुण्याचे, त्यात इंजिनेर. चुकीचं बोलणं तसंच जाऊ द्यायची त्यांना सवय न्हाई. त्यांनी समजावून सांगायला घेतलं, की नदीला उगम लागतो, उतार लागतो, पाणलोट लागतो, आन् शोधलं तर हितं सगळं सापडंल. चाची कोकणातली, म्हसळ्याच्या पलीकडची. तिच्या गावाला एवढं मोठं पाणी की शिडाचे मचवे यायचे. तिचं माप साधं होतं. अलीकडनं हाक मारली आन् पलीकडं ऐकू गेली, तर तो पऱ्या, म्हणजे ओढा. ऐकू गेली न्हाई, तर नदी. हितं हाक कशाला मारायची, म्हणून तिनं बसल्या जागेवरनं पलीकडच्या काठावरच्या हेमावहिनींच्या, म्हणजे साहेबांच्या बायकोच्या, हातात चहाचा कप दिला आन् हात झटकून दाखवले.

मला गप बसवंना. मी माण तालुक्यातला. आमच्या नदीला वर्षातले दहा महिने टिपूस नसतो. पोरं तिच्यात स्टंपा रोवून क्रिकेट खेळतात, बाया मिरच्या वाळत घालतात, तरी ती नदीच. तिच्यावर पूल हाय, पुलावर नदीच्या नावाची पाटी हाय. पाणी नसलेली आमची नदी होती, तर हितं बारा महिने पाणी असून ही नदी का न्हाई, एवढंच मी विचारलं.

तेवढ्यात चिप्सचं एक रिकामं पाकीट खाडीच्या खारफुटीकडनं वरच्या खजुराच्या बागेकडं, म्हणजे साहेबांच्या उगमाकडं, डुलत डुलत वर चढायला लागलं. साहेब त्याच्याकडं बघत राहिले. पाणी उलटं चालल्यालं बघून माणूस जसा बघंल, तसेच. मी आपलं म्हणलं, जाऊ द्या साहेब, नदीचं मूळ आन् ऋषीचं कूळ शोधू नये. आन् हे बोलायच्या नादात माझा हात सुटला. टायर गनीभाईकडं गेला, आन् मी मागं पाण्यात बसलो तो छातीपर्यंत.

आता हितं थोडं मागनं सांगायला पाहिजे. बहरीनमधी नदी न्हाई. एक बी न्हाई. जमीन सगळी पांढरी, खारट. मूठभर उचलली तर बोटांच्या फटीतनं पिठासारखी निसटंल. मी हितं बागा राखणाऱ्या कंपनीत मुकादम हाय. बारा वर्षं ह्या मातीला खत घालतोय, आन् ती अजून माझी झाली न्हाई. शमाल वारा सुटला की लावलेल्या रोपापेक्षा डोळ्यांत गेलेली माती जास्त भरती.

ताहेराचाची मागल्या साली लेकाकडं राहायला आली. गनीभाई नईम भागात एका व्यापाऱ्याकडं क्लार्क हाय, बिऱ्हाड उम्म अल हस्समला, चौथ्या मजल्यावर. सून, नातवंडं, एसी, लिफ्ट, सगळं चांगलं. पण चाची महिनाभरात सुकली. जेवण उतरंना, बोलणं कमी. गनीभाईनं समुद्रावर नेलं. ती म्हणली, समुद्र बरा हाय, पण तो आपल्याशी बोलत न्हाई, त्याचं त्याचं चाललेलं असतं. तिला पाय सोडून बसायला वाहतं पाणी पाहिजे होतं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. वाहत्या पाण्याची गोळी कुठं मिळती?

गनीभाईनं ही गोष्ट मला सांगितली तवा मला तुबलीकडची ती जागा आठवली. अबू जाफर नावाच्या म्हाताऱ्याची खजुराची बाग हाय. बागेच्या मागनं एक पाट निघतो. सुरुवातीला चार हात रुंद, पुढं रुंदावत जातो आन् खारफुटीतनं खाडीला मिळतो. भरतीला खाडीचं पाणी आत चढतं, ओहोटीला उतरतं. पण त्या वक्ताला पाणी दिसतच नव्हतं. टायर, गाद्या, बाटल्या, एक मोडका फ्रीज. फ्रीजमधी मांजर व्यालेली.

एकट्या-दुकट्याचं काम नव्हतं, म्हणून मी दत्तप्रसाद साहेबांकडं गेलो. माहूजला त्यांच्या बिल्डिंगची बाग मीच बघतो. साहेबांना पुण्यात असताना नदीकाठी झाडं लावायचा लई नाद होता, आन् हितं येऊन तो नाद आत कोंडला होता. मी बोललो आन् झाकण उडालं. संध्याकाळपर्यंत साहेबांनी ग्रुप काढला, शिट्टी आणली, आन् मंडळाला नाव दिलं, नदी मित्र मंडळ. मंडळात आम्ही पाच जण. साहेब, हेमावहिनी, गनीभाई, चाची आन् मी.

पहिल्याच शुक्रवारी अबू जाफर भेटला. सत्तरी पार केलेला, डोक्याला रुमाल, बरोबर एक पांढरं गाढव. जवानीत बंदरावर मुंबईच्या माणसांबरोबर काम केलेलं, त्यामुळं त्याला मोडकंतोडकं हिंदी येतं. आम्ही कशाला आलो ते मी सांगितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली आन् साहेब उभे होते तिकडं हात केला.

"ये साब बहुत पुराना," तो म्हणला.

साहेब जरा हसले. त्यांची पन्नाशी नुकतीच झाली होती.

"पहले साब अच्छा था. पूरा गाँव साब में नहाता था. अभी साब गंदा. साब का मुँह में प्लास्टिक, साब का पेट में टायर. पंद्रह साल से साब को कोई नहीं धोया."

साहेबांनी खिशातनं रुमाल काढून तोंड पुसलं आन् रुमालाकडं बघितलं. हेमावहिनी खजुराच्या झाडामागं गेल्या. त्या झाडाबरोबर हलताना दिसत होत्या. म्हाताऱ्याचं आपलं चालूच, की माझं गाढव पण आता साबाला तोंड लावत न्हाई, आन् तुम्ही लोकांनी मनावर घेतलं तर साब परत माणसात येईल. साहेब आधी पांढरे झाले, मग लाल झाले. म्हणले, गणपत, ह्यांना विचार, माझं काय चुकलं?

गनीभाई सगळं समजून गप बसला होता. तो नंतर म्हणला, साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, मधी बोलून कशाला घालवायचं. मग त्यानं सांगितलं, की हितल्या जुन्या लोकांच्या बोलीत बागेतल्या पाण्याच्या पाटाला साब म्हणतात.

त्या दिवसापासनं आमची भाषा बिघडली. आज साबाचं तोंड धुवायचंय, उद्या साबाचं पोट उपसायचं, असं आम्ही उघड बोलायला लागलो. साहेबांनी ग्रुपवर लिहून टाकलं की कृपया सर्वांनी नदी हाच शब्द वापरावा. कुणी वापरला न्हाई.

सरकारी परवानगी लागणार होती, ती मात्र साहेबांनीच काढली. अर्जावर रकाने होते. समुद्रकिनारा, बगीचा, रस्ता आन् शेवटी इतर. साहेबांनी इतरच्या पुढं नदी लिहिलं. ऑफिसातनं एका बाईंचा फोन आला. त्यांनी तीनदा विचारलं म्हणे, की आपण बहरीनमधूनच बोलताय ना. शेवटी तीन महिन्यांची परवानगी मिळाली. तीन महिन्यांनी बाई स्वतः येऊन बघणार. काम पटलं तर वर्षाची परवानगी. पटलं न्हाई तर दोन्ही अंगांनी कुंपण घालून जागा बंद. कुंपणाचं ऐकलं आन् दुसऱ्या दिवशी चाची गनीभाईचे जुने बूट घालून आली आन् थेट पाण्यात उतरली.

ते तीन महिने लई मजेत गेले. थंडीचे दिवस. सकाळी सातला जमायचं, गनीभाईला जुम्म्याच्या नमाजला जायचं असायचं म्हणून साडेदहाला खलास. एकूण नऊ टायर निघाले, सहा गाद्या, बाटल्यांची तर मोजदादच न्हाई. फ्रीज काढायच्या आधी मांजराची पिल्लं अबू जाफरच्या खोलीत हलवायला लागली, त्यात एक सकाळ गेली. काम झालं की काठावर बसायचं. चाचीकडच्या तांदळाच्या भाकऱ्या, हेमावहिनींची थालीपिठं, म्हाताऱ्याचा खजूर, थर्मासचा चहा. मला पोहता येत न्हाई. पण मी लुंगी लावून कमरभर पाण्यात बसून घ्यायचो आन् डोक्यावरनं तांब्या घ्यायचो. आमच्या गावात आख्ख्या घराला पुरंल एवढं पाणी मी एकटा अंगावर घेत होतो, आन् ते कमी बी होत नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात चिखलावर निवट्या दिसायला लागल्या. निवटी म्हणजे बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर, चिखलावर टुणटुण उड्या मारत चालतो. त्या बघून चाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना वाटलं, निसर्ग परत आला म्हणून. चाची म्हणली, काय कालवण होतं ह्यांचं. साहेबांनी त्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं, की नदीतील कोणताही जीव खाऊ नये.

आन् चाचीची तब्येत म्हणाल तर तिला गोळ्यांची आठवण राहिली न्हाई. बाकीच्या दिवशी पण ती सुनेला घेऊन टॅक्सीनं यायची, काठाला एक चौकोनी दगड होता त्याच्यावर बसायची. पाणी कुठवर चढलं, कधी उतरलं, आन् त्या दिवशी चांदाची तारीख कुठली, एवढं तिच्या ध्यानात राहायचं. आम्हाला वाटायचं, म्हातारी नुसती बसलीय.

शेवटी बाईंचं पत्र आलं. आमच्या सोयीसाठी सुट्टीच्या दिवशी, शनिवारी दुपारी चारला त्या येणार होत्या. साहेबांनी नुसती पाहणी करायची न्हाई असं ठरवलं. नदी महोत्सव करायचा. ऑफिसातल्या मित्राकडनं त्यांनी पिवळी प्लास्टिकची होडी आणली, दोन माणसं बसणारी, लांबट. सहा फुटी फळीवर मंडळाचं नाव मराठीत, इंग्रजीत आन् अरबीत रंगवून घेतलं. बेत असा, की बाई बागेच्या टोकाला उभ्या राहणार, आन् साहेब खारफुटीकडनं वल्हवत वल्हवत, भरल्या नदीतनं येणार. मागं गनीभाई. पुढच्या टोकाला झेंडा.

चाचीनं विचारलं, चारला का?

साहेबांनी मोबाईल दाखवला. ॲपमधी शनिवारी चारला भरपूर भरती लिहिलेली होती. चाचीनं बोटं मोजली. म्हणली, शनिवारी चांदाची पंधरावी. उधाणाचा दिवस. जेवढं चढतं तेवढंच उतरतं. चारला ह्या पऱ्यात बेडकी बुडायची न्हाई. सकाळी दहाला बोलवा बाईला.

साहेब तिला मान देऊन बोलायचे. ते हळू आवाजात म्हणले, "चाची, ही माहिती सॅटेलाइटवरून येते."

"असंल," चाची म्हणली. "पन पानी चांदावरून येतं."

हेमावहिनींनी घरी पण सांगून बघितलं म्हणे, की त्यांचं ऐका. पण पत्रं गेली होती, वेळ ठरली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ह्यांची होडी रिकामी व्हायची होती.

शनिवारी साडेतीनला साहेब आन् गनीभाई खारफुटीच्या तोंडाला होडीत बसले. तिथं तवा मांडीभर पाणी होतं. साहेबांनी पांढरा शर्ट, पांढरी पँट आन् नवेकोरे पांढरे बूट घातलेले. वर नारिंगी जाकीट. मी फळी धरून बागेकडच्या काठाला. चारला दहा कमी असताना बाई आल्या. तरुण होत्या, काळा अबाया, हातात फाईल. अबू जाफरनं खजूर पुढं केला. सगळं बेस चाललं होतं, फक्त पाणी चाललं होतं.

मी तसलं कधी बघितलं न्हाई. घंगाळाचं बूच काढावं तसं पाणी हटत गेलं. आधी काठ उघडे पडले, मग दगड, मग मधली धार तेवढी राहिली, मग ती पण वितभर झाली. आन् वळणावर, आमच्यापासनं साठ-सत्तर पावलांवर, पिवळी होडी येताना दिसली. साहेब जोरात वल्हवत होते. वल्ह्याला पाणी लागत नव्हतं, चिखल लागत होता. होडी आली, आली आन् थांबली. साहेब आणखी चार वेळा वल्हवले. झेंडा फडफडला. होडी जागची हलली न्हाई.

गनीभाई कोकणातला. चिखलाची जात त्याला ठाऊक. तो होडीत मांडी घालून गप बसला आन् ओठ हलवायला लागला. साहेबांना मात्र बाई दिसत होत्या. ते होडी ढकलायला म्हणून खाली उतरले.

हेमावहिनी काठावरनं म्हणल्या, बूट तरी काढा. तोवर साहेब गुडघ्यापर्यंत गेले होते. एक पाय उपसायला गेले तर दुसरा मांडीपर्यंत गेला. मग त्यांनी शिट्टी फुंकली. कशाला फुंकली कुणास ठाऊक, पण मला ती माझ्यासाठी वाटली. मी फळी टाकली आन् काठाकाठानं धावत जाऊन चिखलात उतरलो.

मी दुष्काळी माणूस. चिखल म्हणजे बैलाच्या खुराला लागतो तेवढाच आम्हाला माहीत. चौथ्या पावलाला मी कमरेपर्यंत गेलो, साहेबांपासनं सात-आठ हातांवर. आता चिखलात दोन माणसं उभी, एक होडीत बसलेला, आन् काठावर सरकार. साहेबांनी मला विचारलं, गणपत, तू कशाला आलास? मी म्हणलं, तुम्हाला काढायला. 

अबू जाफरनं गाढव आणलं. दोराचं एक टोक गाढवाच्या छातीला, दुसरं माझ्याकडं फेकलं. मी कमरेला आवळून घेतलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी असं आजीकडनं ऐकलं होतं, पण गाढवानं हरीकडं बघायला तरी पाहिजे. ते दोन पावलं चाललं. मी वितभर वर आलो. मग त्याला हेमावहिनींची थालीपिठांची परात दिसली. ते तिकडं वळलं आन् निवांत खात उभं राहिलं. दोर सैल पडला, मी परत खाली गेलो. म्हाताऱ्यानं त्याच्या कानात काय काय सांगितलं. मग आमच्याकडं वळून म्हणला की गाढवाचं चहाचं टाइम झालंय, पाच मिनिटं थांबा.

तवा चाची उठली. तिनं ओढणी कमरेला खोचली. मी टाकलेली फळी उचलली, मंडळाचं नाव खाली करून चिखलावर टाकली, तिच्यावर पालथी झाली आन् दोन्ही हातांनी चिखल मागं लोटत निघाली. पासष्ट वर्षांची बाई. सरसर सरसर गेली. मला ओलांडून गेली, माझ्याकडं बघितलं पण न्हाई. साहेबांपाशी थांबली.

"निजा," ती म्हणली.

साहेबांनी काठाकडं बघितलं. बाई फाईल धरून उभ्या होत्या. साहेब म्हणले, चाची, सरकारी पाहणी चालू आहे.

"निवटी कधी रुतलेली बगितली का तुमी?" चाचीनं विचारलं. "ती उभी राहत नाय. मानूस उभा राहतो म्हनून रुततो. निजा."

 साहेबांनी चष्मा काढून गनीभाईकडं दिला, डोळे मिटले आन् पांढऱ्या शर्टासकट चिखलात पालथे झाले. चाचीनं त्यांना हाताची रीत दाखवली. ते हळूहळू मोकळे झाले. पायातनं बूट सुटल्याचा आवाज आला, एक आन् मग दुसरा. पुढं चाची फळीवर, मागं साहेब पोटावर, अशी दोघं काठाकडं निघाली. वाटेत साहेबांनी मला पण सांगितलं, निज गणपत, सोपं आहे. मी निजलो. खरंच सोपं होतं. मागनं गनीभाई, साहेबांचा चष्मा दातात धरून. एक निवटी आमच्याबरोबर चार उड्या मारत आली आन् मग कंटाळून बिळात गेली.

काठाला लागलो तवा आमच्यात साहेब कोण आन् मुकादम कोण हे हेमावहिनींनाच ओळखू आलं असंल. बाईंनी फाईल तोंडावर धरली होती. फाईल हलत होती. मग त्यांनी डोळे पुसले, फाईल खाली घेतली आन् काठाकाठानं चालायला लागल्या.

मला वाटलं, संपलं. चाची दगडावर जाऊन बसली होती. पाय सोडायला पाणी नव्हतं, तरी पाय खाली सोडलेले. ती बाईंच्या पाठीकडं बघत होती. तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले मी पहिल्यांदाच बघितले. गनीभाई तिच्या शेजारी चिखलासकट बसला. म्हणला, अम्मा, होईल काय तरी. 

बाई पार खारफुटीपर्यंत गेल्या, पलीकडच्या काठानं परत आल्या. सगळीकडं वाकून वाकून बघत होत्या. मधी मधी फोटो काढत होत्या. परत आल्यावर त्या इंग्रजीत बोलल्या आन् गनीभाईनं आम्हाला सांगितलं. त्या म्हणल्या, मला सगळे भरतीच्या वेळेलाच बोलावतात. पाणी भरलेलं असलं की कुठलाही नाला देखणा दिसतो. तळ दाखवायला आजपर्यंत कुणी बोलावलं नव्हतं. ह्या तळात एक बाटली सापडली न्हाई, एक पिशवी सापडली न्हाई.

साहेबांनी तोंडावरचा चिखल पुसला आन् सरळ उभे राहिले.

"आमचं नियोजन तेच होतं," ते म्हणले.

हेमावहिनींनी त्यांच्याकडं बघितलं. चाचीनं न्हाई बघितलं. ती ओढणीच्या टोकानं डोळे टिपत होती. कचरा सापडला असता तर तिची जागा गेली असती, एवढंच तिच्या मनात असणार. मग तिनं गाढवानं ठेवलेल्या एका थालीपिठाचे तुकडे केले, गाढवानं तोंड लावलेला भाग टाकून दिला आन् पहिला तुकडा बाईंना दिला. बाईंनी खाल्ला.

जाता जाता साहेबांनी मोबाईल धुऊन बघितला. चालू होता. ॲप उघडलं तर वर बारीक अक्षरात अलिबाग लिहिलेलं. मागं कधी सुट्टीत तिकडं फिरायला गेले असताना लावलेलं, तसंच राहिलेलं. साहेबांनी ते कुणाला दाखवलं न्हाई. पण चष्मा चिखलानं बरबटलेला होता, म्हणून त्यांनी ते मलाच वाचायला सांगितलं होतं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. वर्षाची परवानगी. खाली एक अट होती. पाहणीच्या वेळी नदीपात्रात एकच कचरा आढळला, तो म्हणजे पांढऱ्या बुटांचा एक जोड, तो मंडळानं काढावा आन् तसं कळवावं. साहेबांनी पत्रातल्या नदीपात्र ह्या शब्दाखाली लाल रेघ मारली आन् ग्रुपवर टाकलं. चाचीनं नातीकडनं वाचून घेतलं आन् म्हणली, सरकारला काय कळतं, पऱ्या तो पऱ्याच.

पण बूट कधी काढायचे, हे विचारायला साहेब स्वतः उम्म अल हस्समला चाचीकडं गेले. चौथ्या मजल्यावर, वही घेऊन. चाचीनं बोटं मोजून वार आन् वेळ सांगितली, साहेबांनी लिहून घेतली. त्या वेळेला गेलो तर पाणी अगदी ती म्हणली होती तिथवर उतरलेलं. आम्ही सगळे आपापल्या फळ्या टाकून पालथे गेलो. एक बूट निघाला. दुसरा पण सापडला, पण त्याच्यात एक खेकडा राहायला आला होता. मी बूट उचलायला हात घातला तर त्यानं आतनं नांगी बाहेर काढली.

चाची म्हणली, हात लावू नका, राहू द्या त्याला. साहेबांना गलबलून आलं. ते म्हणले, चाची, तुमच्याकडून मी फार शिकलो. चाची म्हणली, लहान हाय अजून, अंगात काय न्हाई त्याच्या, चार महिने जाऊ द्या.

साहेबांनी ऑफिसला पत्र लिहिलं. अटीप्रमाणे एक बूट काढण्यात आला आहे, दुसऱ्यात वस्ती आहे. त्याला उत्तर अजून आलेलं न्हाई. खेकडा मात्र जोमात हाय. मागल्या शुक्रवारी बघितला तर त्यानं बुटाची लेस बी आत ओढून घेतली होती.